कारखानिसांची चिमणी

हरिहर कारखानीस यांनी आयुष्यात एकच अर्ज मनापासून लिहिला, आणि तो भलत्याच खात्यात गेला. आता अर्ज भलत्या खात्यात जाण्यात नवल ते काय, असं कोणीही म्हणेल. पण हा अर्ज अशुद्ध लिहिला म्हणून नव्हे, तर फार शुद्ध लिहिला म्हणून भरकटला, आणि हरिहररावांच्या मनाला लागलं ते हेच.

हरिहरराव राहतात ठाकुर्लीला, रुळांपासून जरा आत, एका विलायती बंगल्यात. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यात रेल्वेच्या कुणा इंजिनियर साहेबाने तो बांधला. नकाशा म्हणे थेट विलायतेहून मागवला होता, आणि ज्याने तो काढला त्याला ठाकुर्ली म्हणजे काय चीज आहे हे कुणी सांगितलं नसावं. छप्पर इतकं उतरतं की त्यावर बर्फ साचू नये. पुढच्या खोलीची खिडकी पोट काढून बाहेर आलेली, का, तर ऊन जास्तीत जास्त आत यावं. म्हणजे ज्या गावात माणसं उन्हाला दारात उभं करत नाहीत, तिथे या साहेबाने त्याला बसायला जागा करून ठेवली. आणि दिवाणखान्यात शेकोटी. खरीखुरी, निळ्या नक्षीच्या फरशा लावलेली. साहेबाने ती कधी पेटवली असेल तर तो घामानेच मायदेशी परतला असावा. त्याच्याकडून बंगला हरिहररावांच्या आजोबांनी घेतला आणि घरातल्या बायकांनी पहिल्याच दिवशी त्या शेकोटीत देव बसवले. जागा आयती, कोनाडा ऐसपैस, आणि उदबत्तीचा धूर आपोआप वर जातो. त्या शेकोटीने पुढे दुसरा धूर पाहिलाच नाही.

बाहेरून मात्र बंगला देखणा. छपराच्या कडेने लाकडी कातरकामाची झालर, दर्शनी तिकोनात रंगीत काचा, टोकाला लोखंडी भाला, आणि या सगळ्याच्या वर विटांची उंच चिमणी, माथ्यावर मातीच्या दोन नळ्या घेऊन उभी. भोवताली टॉवर झाले, त्यांना इंग्रजी नावं लागली, पण रिक्षावाले अजून 'चिमणीचा बंगला' म्हटल्याशिवाय मीटर टाकत नाहीत. खुद्द हरिहररावांनी पत्ता म्हणून तेच लिहायला सुरुवात केली होती, ही त्यांची पहिली चूक.

भानगड सुरू झाली ती पावसाळ्यापूर्वीच्या पाहणीपासून. पालिकेचे इंजिनियर साईनाथ दरवर्षी वैशाखात जुनी घरं बघत फिरतात. चांगला माणूस, पण वर्षानुवर्षं तडे बघून त्यांना हसऱ्या माणसाच्या चेहऱ्यातही तडाच दिसतो. ते फाटकात उभे राहिले, एक डोळा मिटला, हात ताठ धरून अंगठ्याने काहीतरी मापलं आणि म्हणाले की काका, तुमची चिमणी कलली आहे. ही पडणार. पडण्याआधी आम्हाला पाडावी लागणार, नाहीतर अख्खं घर अतिधोकादायकच्या यादीत जाणार आणि मग पाणी तोडणं आलं, बाहेर काढणं आलं.

मग दुरुस्ती करतो, हरिहरराव म्हणाले. साईनाथांनी मान हलवली. बंगला जुन्या वास्तूंच्या यादीतही होता, त्यामुळे परवानगीशिवाय खिळासुद्धा मारता येत नव्हता. थोडक्यात, चिमणी पाडणं भाग होतं आणि तिला हात लावणं गुन्हा होता. परवानगीसाठी अर्ज करा, मराठीत करा, आणि पावसाच्या आत आणा, एवढं सांगून साईनाथ पुढचा तडा बघायला गेले.

हरिहररावांनी धाकू मिस्त्रीला बोलावून छपरावर चढवलं. धाकूने विटांवर हात फिरवून खालच्या माणसाला कळेल अशा भाषेत निकाल दिला. चिमणी घराच्या मधल्या भिंतीतून वर आलेली. ती काढली की आढं खाली येणार, आढं आलं की घर येणार. चिमणी पाडायची म्हणजे नुसतं नाक कापायचं नव्हतं, धडही जाणार होतं.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. मग सल्ले. समोरच्या टॉवरमधल्या एकाने चिमणीला केबलच्या वायरने आंब्याच्या झाडाशी बांधा म्हणून सुचवलं. दुसऱ्याने आतून काँक्रीट ओता म्हणजे प्रश्नच मिटला असं सांगितलं. त्या काँक्रीटखाली देव गाडले जातील हे त्याच्या ध्यानी आलं नाही. तिसरा जरा मुरलेला. त्याने टिटवाळ्याच्या नव्या स्कीमचं रंगीत माहितीपत्रकच आणून दिलं. बंगला बिल्डरला द्या, तिथे फ्लॅट घ्या, तुम्हाला सवय आहे तसाच आहे. बघतात तो काय, बाविसाव्या मजल्याच्या वर प्लास्टरच्या चार चिमण्या, खाली कारंजं, आणि नाव 'व्हिक्टोरियन एलिगन्स'. हरिहररावांनी ते माहितीपत्रक दोन बोटांत धरून परत केलं. शेजारच्या विमलाबाई, ज्यांच्या सासऱ्यांची एकेकाळी इथे भातशेती होती, त्यांचा उपाय त्यातल्या त्यात स्वस्त होता. त्यांनी लिंबू-मिरची आणून दिली आणि ती बांधायला वर कोण चढणार हा प्रश्न हरिहररावांवर सोपवला.

हरिहरराव मात्र अर्जाला बसले. आता हे सांगितलं पाहिजे की ते सरकारी भाषांतराच्या कचेरीतून निवृत्त झालेले. उभी हयात लोकांच्या रुक्ष मजकुराचं रुक्ष मराठी करण्यात गेली. दुकानाच्या पाट्यांवरचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला लावल्यामुळे डोंबिवलीतले निम्मे दुकानदार त्यांना बघून शटर ओढतात. अशा माणसाला स्वतःच्या मनातलं लिहायची संधी पहिल्यांदाच मिळाली होती. सरोज, म्हणजे त्यांची बायको, चहा ठेवताना कागदावर नजर टाकून म्हणाली की अहो, चिमणी काय लिहिताय, धुराडं लिहा, सरकारला कळेल असं.

इथे हरिहररावांचा पारा चढला. धुराडं आगगाडीला असतं, बोटीला असतं. घराच्या छपरावर असते ती चिमणी. तीन पिढ्या आम्ही तिला चिमणी म्हणतो, आणि आता एका अर्जासाठी तिला धुराडं म्हणू? सरोजने "बरं" म्हटलं. ती असं "बरं" म्हणते तेव्हा पुढे काहीतरी होतं, हा अनुभव त्यांना होता, पण लेखनाच्या भरात त्याची आठवण झाली नाही.

अर्ज मोठा सुरेख उतरला. 'आमच्या छपरावर पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्यास असलेली चिमणी आता थकली असून एका अंगास कलली आहे. येत्या पावसाळ्यात तिचा निभाव लागणे कठीण दिसते. तरी तिला योग्य तो आधार देण्याची अनुमती मिळावी, ही नम्र विनंती. पत्ता : चिमणीचा बंगला, ठाकुर्ली.' हरिहररावांनी तो दोनदा मोठ्याने वाचला. सरोजच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती कांदा चिरत होती.

आवक खिडकीवरच्या माणसाने तो वाचला आणि कसलाही विचार न करता उद्यान व पक्षी विभागात पाठवून दिला. त्याचा दोष नाही. तुम्ही-आम्हीही तिथेच पाठवला असता.

पुढचं घडलं तेव्हा कारखानीस पतिपत्नी कल्याणला भाचीच्या साखरपुड्याला गेली होती. बंगल्यावर आली मृणाल, पक्षी विभागातली नवी अधिकारी, नोकरीत नवी म्हणून कामावर श्रद्धा असलेली. हातात भोकं पाडलेला खोका, खांद्याच्या पिशवीत औषध पाजायचा ड्रॉपर. फाटकाशी विमलाबाई भेटल्या. मृणालने विचारलं, चिमणी इथेच असते का. विमलाबाई म्हणाल्या, हाय ना, आमचे सासऱ्याचे टायमापासून हाय. लय जुनी. आता पार कललीय, पावसान परली तं काकाचा घरच जाईल गो. मग जरा गलबलून त्यांनी हेही सांगितलं की दोघांनी तिला पोटच्या पोरीसारखी जपलीय. मृणालने वर पाहिलं. चिमणीवर त्या वेळी एक कावळा बसला होता. चिमणी घाबरून कुठेतरी लपली असेल अशी तिची खात्री झाली.

संध्याकाळी कारखानीस परतले तेव्हा झालरीला रांगेने लाकडी घरटी टांगलेली, खिडकीच्या कट्ट्यावर पाण्याचे मातीचे परळ, अंगणभर बाजरी, आणि फाटकावर हिरवा पत्रा : 'चिमणी संरक्षीत क्षेत्र. चिमणीस इजा केल्यास कारवाई करण्यात येईल.' हरिहररावांनी पत्रा वाचला. घरावर पक्षी लादला गेला, अर्ज वाया गेला, पावसाळा तोंडावर आला, हे सगळं त्यांच्या ध्यानात आलं. पण आधी बोचली ती 'संरक्षीत'मधली दीर्घ वेलांटी.

दुसऱ्या दिवशी ते मृणालसमोर बसले. घसा साफ करून त्यांनी शांतपणे सुरुवात केली.

"बाई, थोडा गैरसमज झालाय. आमची चिमणी म्हणजे पक्षी नव्हे."

मृणालने पेन खाली ठेवलं. "कळतं मला, काका. आमच्या आईचा पोपट होता. आम्हीही त्याला कधी पक्षी मानलं नाही."

"तसं नव्हे. ती धुराडं आहे."

"धुराचाच तर त्रास आहे हो त्यांना," मृणाल कळवळून म्हणाली. "सगळीकडे बांधकामं, धूळ. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून टिकल्यात."

हरिहररावांनी हात उंचावून विटा, नळ्या, उंची सगळं हवेत काढून दाखवलं. मृणालला वाटलं, काका चिमणी कशी उडते ते दाखवतायत. तिने हळवं हसून त्यांना पाणी दिलं. शेजारच्या टेबलावरचा कारकून मात्र सगळं ओळखून होता. हरिहरराव उठले तेव्हा त्याने त्यांना व्हरांड्यात गाठलं आणि हलक्या आवाजात समजावलं. चूक कळली, पण अर्ज मागे घेतला तर नवा अर्ज पावसाळ्यानंतरच निघेल. तुम्ही शुद्ध मराठीत चिमणी लिहिलंय, आता चिमणीच राहू द्या. एवढ्या वर्षांत हरिहररावांना शुद्ध मराठीबद्दल कोणी असं बोललं नव्हतं.

मग साईनाथ आले, पाडायची माणसं घेऊन. पहारी, दोरखंड, शिडी सगळं होतं. हरिहरराव फाटकात उभे राहिले. सरोज देवांसमोर दिवा लावून बसली होती. साईनाथांनी फाटक उघडायला हात घातला आणि त्यांची नजर पत्र्यावर गेली. त्यांनी तो वाचला. मग वर विटांकडे पाहिलं. मग पुन्हा पत्रा वाचला.

"काका, हे पक्ष्याबद्दल आहे."

हरिहरराव म्हणाले, "असं त्यात कुठे लिहिलंय?"

हे वाक्य तोंडातून कसं गेलं हे त्यांचं त्यांना कळलं नाही. साईनाथांनी आणखी एकदा वाचलं. पक्षी हा शब्द खरंच कुठे नव्हता. एका खात्याने दुसऱ्या खात्याचा पत्रा ओलांडायचा म्हणजे पालिकेच्या मोठ्या साहेबांना विचारावं लागणार. साईनाथांनी कपाळ पुसलं. पर्यावरण दिनाला डोंबिवलीत कार्यक्रम आहे, मोठे साहेब यायचेत, तिथेच विचारतो आणि दुसऱ्या दिवशी येतो, असं सांगून ते शिडीसकट परत गेले.

त्याच कार्यक्रमाचं निमंत्रण मृणालने हरिहररावांनाही आणून दिलं होतं. त्यांचा 'चिमणीमित्र' म्हणून सत्कार होता आणि चार शब्द बोलायचे होते. हरिहररावांनी ठरवून टाकलं. व्यासपीठावरून, सगळ्यांदेखत, काय ते स्वच्छ सांगायचं. पक्षी आणि वास्तूचा भाग यांतला फरक, शब्दाचा उगम, धुराड्याची व्याप्ती. त्यांनी टिपणही काढलं. सगळं आयुष्य शब्दाला शब्द लावण्यात गेलं, आणि शेवटी खोट्या शब्दाच्या आडोशाने घर वाचवायचं, याची त्यांना मनापासून लाज वाटत होती. सरोज त्यांच्या सदऱ्याला इस्त्री करत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि इस्त्री उभी ठेवली.

"एकच विचारते. तुम्हाला घर हवंय की शब्द?"

सदरा घालताना हरिहररावांचं बटण चुकलं, तेही सरोजने लावून दिलं.

सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत साईनाथ, मांडीवर फाईल. व्यासपीठावर मोठे साहेब, भारदस्त, आणि दिवसातल्या चौथ्या कार्यक्रमाला आलेल्या माणसासारखे अर्धे मिटलेले. हरिहररावांना शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, कडुनिंबाचं रोप मिळालं. हे सगळं छातीशी धरून ते माइकसमोर उभे राहिले आणि टिपण खिशात आहे, हात मोकळा नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी सभागृहाकडे पाहिलं. सरोज तिसऱ्या रांगेत बसली होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आग्रह नव्हता. ती घाबरली होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सरोज घाबरलेली त्यांनी पाहिली नव्हती.

"मी तिच्याबद्दल एक अक्षरही खोटं बोलणार नाही," हरिहरराव म्हणाले. "माझ्या आजोबांनी तिला पाहिली, वडिलांनी पाहिली, मी पाहतो आहे. तिने आमच्याकडे कधी दाणा मागितला नाही. कधी आवाज केला नाही. ऊन, वारा, पाऊस, तिने आमचं छप्पर सोडलं नाही. शाळेतून येताना लांबून ती दिसली की मला वाटायचं, आता घर आलं. अजून वाटतं. आता तिचं वय झालंय. एका अंगाला कललीय. आधार मिळाला नाही तर या पावसात ती जाईल, आणि ती गेली की आमचं घर जाईल. हे मी अलंकारिक बोलत नाहीये."

सभागृहात कुणीतरी नाक ओढलं. मृणाल उघड रडत होती. मोठे साहेब पूर्ण जागे झाले होते. तेही कोकणातल्या खेड्यातून आलेले, त्यांच्याही ओसरीच्या वाशांत कधीकाळी चिवचिवाट होता, आणि तो बंद झाल्याचं त्यांना बहुधा याच क्षणी आठवलं. ते उठून माइकपाशी आले. या चिमणीला मी असेपर्यंत कुणी धक्का लावणार नाही, म्हणाले. तिच्यासाठी जे बांधावं लागेल ते बांधा, परवानगी आत्ता दिली. मग पहिल्या रांगेकडे वळून त्यांनी विचारलं की साईनाथ, काही अडचण?

साईनाथ उठले. त्यांनी फाईलकडे पाहिलं, हरिहररावांकडे पाहिलं, आणि पाडण्याच्या आदेशावर आलेले शेरे, शेऱ्यांवर आलेले शेरे, बंदोबस्ताचे अर्ज, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून सरकलं असावं. "नाही साहेब," ते म्हणाले. "आधार देता येईल. चांगला देता येईल." आणि ते खाली बसले. हरिहररावांच्या डोळ्यांना धारा लागल्या. लोकांना वाटलं पक्षिप्रेम, टाळ्या थांबेनात.

चहाच्या वेळी मोठ्या साहेबांनी त्यांना बाजूला घेतलं. "एकच सांगा," ते हळूच म्हणाले, "तिला जोडीदार नाही का हो?"

हरिहरराव खरं बोलायचं ठरवून बसले होते. "जोडीला आणखी एक होती, स्वयंपाकघरावर. मी लहान असताना वादळात पडली. तेव्हापासून ही एकटीच आहे."

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

परवानगीचा कागद आठवड्याच्या आत घरपोच आला. साईनाथांनी तो स्वतः लिहिला होता आणि त्यांच्या अक्षरावरून काही ओळखू येत नव्हतं. 'सदर चिमणीस आवश्यक तो आधार देण्यात यावा. तसेच साहेबांच्या निर्देशानुसार तिला एक जोडीदार, मूळच्या जागी, मूळच्या स्वरूपात उपलब्ध करून देण्यात यावा.' हरिहररावांनी त्यात लाल पेनाने एकही खूण केली नाही.

पाऊस यायच्या आत धाकूने जुनी चिमणी ओळंब्यात आणली. मग विटा, चुना, मातीच्या नव्या नळ्या घेऊन तो स्वयंपाकघराच्या छपरावर चढला. खाली विमलाबाई, सरोज आणि टॉवरमधले सगळे सल्लागार माना वर करून उभे. बंगला बांधणाऱ्या साहेबाच्या विलायती नकाशात होती तशी, दोन्ही बाजूंना तोलून धरणारी ती आकृती हरिहररावांना पहिल्यांदाच मनासमोर पुरी दिसत होती आणि आनंदाने त्यांना काही सुचत नव्हतं. तेवढ्यात धाकूने वरून हाक दिली.

"काका, कागदात जोडीदार लिवलाय. मंग ही बी चिमणीच बांधू, का कसं?"

सरोजने पदर तोंडाला लावला. हरिहररावांनी आकाशाकडे पाहिलं, आयुष्यभर उराशी धरलेले सगळे शब्दकोश मनातल्या मनात मिटले, आणि कुठल्याही कोशात ज्या शब्दाला हा अर्थ नाही, तो खणखणीत आवाजात उच्चारला.

"चिमणा बांध," ते म्हणाले.